बाप्टिस्ट मिलिटरी बोर्डिंग: मुलाला घालावं का?

जेम्सकाठची

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतीच वाचत होते, आज अडलंय म्हणून लिहितेय.

आम्ही व्हर्जिनियात, रिचमंडजवळ राहतो. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. "हुशार आहे" असं प्रत्येक शिक्षक म्हणतो आणि मध्ये श्वासही न घेता "पण" म्हणतो. गृहपाठ केलेला असतो, दप्तरात असतो, फक्त बाईंना दिलेला नसतो. रात्री दीडला पांघरुणातून फोनचा उजेड दिसतो. वाईट संगत, व्यसन असलं काही नाही. नुसती ढिलाई.

ह्यांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी फोर्क युनियन मिलिटरी अकॅडमी सुचवली. ते स्वतः तिथले, त्यांचा मुलगाही तिथलाच. आमच्यापासून तासाभरावर, फ्लुव्हाना कौंटीत आहे. माहिती काढताना कळलं की चॅटम गावची हारग्रेव्हही त्याच जातकुळीतली: मिलिटरी, बोर्डिंग आणि बाप्टिस्ट (ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ).

घरात आता तीन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो शिस्त लागेल. सासूबाई म्हणतात पोर लढाईवर जाईल. आणि माझं घोडं 'बाप्टिस्ट' या शब्दापाशी अडलंय. चॅपल, म्हणजे शाळेतली प्रार्थनासभा, सगळ्यांना सक्तीचं, मग मूल कुठल्याही धर्माचं असो. ब्रीद आहे 'शरीर, मन, आत्मा'. शरीर आणि मनाचं समजलं, पण आत्म्याचं ते नक्की काय करतात?

कुणाला अनुभव असेल तर सांगा. ऐकीवही चालेल.

कडीपत्ता

गृहपाठ दिला नाही म्हणून मिलिटरी? आमच्या वेळी हा नियम असता तर अख्खी गल्ली बराकीत गेली असती.

पेन्शनर_काका

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मिशनरी शाळा शेवटी मिशनरी शाळा. नगर जिल्ह्यात बाप्टिस्ट मिशनने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी काय केलं ते आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलं आहे. आधी शाळा, मग दवाखाना, मग चर्च. मूल कोवळं असतं. विचार करा.

फौजी७९

मी सैनिकी शाळेत सात वर्षं काढली. भारतात. शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढे लिहिणार आहे ते सगळंच कौतुकाचं नाही.

आधी सासूबाईंची काळजी मिटवा. आपल्याकडच्या सैनिक शाळा आणि अमेरिकेतल्या मिलिटरी अकॅडम्या यांत मूळ हेतूचाच फरक आहे. सातारची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. ती काढली तीच मुळी एनडीएला (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला) मुलं पुरवायला. सक्ती नसते, पण वारा त्याच दिशेने वाहतो. अमेरिकेतल्या खाजगी अकॅडमीत गणवेश, कवायत, हुद्दे सगळं असतं, पण बहुतेक पोरं पुढे साध्या कॉलेजात जातात. तिथे मिलिटरी म्हणजे दिवस आखायची पद्धत. व्हर्जिनियात तर या पद्धतीचं पीकच होतं. लेक्सिंग्टनचं व्हीएमआय (व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट) १८३९ चं, त्याच्या सावलीत गावोगावी अकॅडम्या उगवल्या. व्हिएतनामनंतर हवा बदलली. स्टॉन्टनची १९७६ मध्ये बंद पडली, ऑगस्टाची १९८४ मध्ये. ज्या टिकल्या त्यांत या दोन बाप्टिस्ट आहेत.

आता अनुभव. पहाटेचा बिगुल, पीटी, बूट चमकवणं याने मी सुधारलो असं लोकांना वाटतं. तसं नाही. बारा वर्षांच्या पोराला दिवसभरात पन्नास निर्णय घ्यायचे असतात: आता उठू का, आता अभ्यास करू का, आणखी पाच मिनिटं लोळू का. तिथे ते पन्नासही निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेले असतात. डोकं मोकळं राहतं. तुमच्या मुलाला याचा फायदा होऊ शकेल.

तोटा म्हणजे सीनियर. शिस्त लावण्याचं काम सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या हाती असतं आणि सगळ्या पोरांना हातात आलेली काठी पेलत नाही. आमच्याकडे एका सीनियरने मला तीन आठवडे रोज रात्री स्वतःचे बूट पॉलिश करायला लावले. हाउसमास्तरांना माहीत होतं. ते म्हणाले, "याने माणूस घडतो." मी घडलो का ते माहीत नाही. बूट मात्र आजही आरशासारखे करतो.

कुठल्याही शाळेत गेलात तर एकच विचारा: दिवे मालवल्यावर मजल्यावर मोठं माणूस कोण असतं?

गुळपोळी

+१ शेवटच्या वाक्याला. हा प्रश्न मीही विचारला होता.

मोडी_वाचक

पेन्शनर काका, दुरुस्ती करतो. नगरला काम केलं ते अमेरिकन मराठी मिशनने. ते लोक काँग्रिगेशनल पंथाचे, बाप्टिस्ट नव्हेत. 'अमेरिकन' आणि 'मिशन' एवढं जुळलं की आपण सगळ्यांना एकाच गोणीत भरतो.

बाप्टिस्टांचा आणि मराठीचा खरा धागा वेगळाच आहे, आणि तो पार बंगालमध्ये आहे. विल्यम कॅरी हा इंग्लंडमधला चांभारकाम करणारा बाप्टिस्ट. १७९३ मध्ये बंगालला आला. कंपनी सरकारला मिशनरी नको होते म्हणून पुढे डॅनिश लोकांच्या सेरामपूरला बस्तान बसवलं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो कंपनीच्या साहेबांना बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. मदतीला वैजनाथ पंडित होते. कोशातले मराठी शब्द मोडीत छापले आहेत. पेशवाई अजून उभी होती आणि आपल्या भाषेचा कोश हजार मैलांवर एक बाप्टिस्ट माणूस मोडीचे खिळे पाडून छापत होता!

(अवांतराबद्दल क्षमस्व. हा विषय निघाला की मला राहवत नाही.)

पेन्शनर_काका

दुरुस्ती मान्य. पण कोश छापणं आणि पोराला चॅपलमध्ये बसवणं यात फरक आहे की नाही?

कडीपत्ता

आहे. कोश वाचताना झोप येत नाही.

रविवारची_घंटा

जेम्सकाठची ताई, "नमस्कार मंडळी" वाचून हसू आलं, कारण आमच्यात मंडळी म्हणजेच चर्च. मी मराठी ख्रिस्ती, माहेर नगरचं. लग्नानंतर नॉर्थ कॅरोलिनात आले आणि गेली अकरा वर्षं बाप्टिस्ट मंडळीत जाते, तेव्हा आत्म्याबद्दलच्या प्रश्नाला मीच उत्तर देऊन बघते.

बाप्टिस्टांचं वेगळेपण नावातच आहे, बाप्तिस्मा. माझ्या माहेरच्या मंडळीत तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात, आईबाप त्याच्या वतीने वचन देतात. बाप्टिस्टांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, विश्वास दुसऱ्याच्या वतीने ठेवताच येत नाही. माणसाला समज आली पाहिजे, त्याने स्वतः तोंडाने सांगितलं पाहिजे, मगच बाप्तिस्मा, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. त्यामुळे माझा लहानपणीचा बाप्तिस्मा त्यांच्या हिशेबी झालेलाच नाही! पाळकांनी मला हे फार हळुवारपणे सांगितलं. मीही तितक्याच हळुवारपणे सांगितलं की माझ्या आईला हे कळता कामा नये.

सांगायचा मुद्दा: तुमच्या मुलाला कुणी गुपचूप बाप्टिस्ट करून टाकेल ही भीती त्यांच्याच शिकवणीत बसत नाही. न मागता दिलेला बाप्तिस्मा त्यांच्या लेखी नुसती आंघोळ.

पण खोटं कशाला बोलू, त्यांची इच्छा असतेच. प्रत्येक उपासनेच्या शेवटी "कुणाला पुढे यायचंय का" असं विचारतात, मागे संथ गाणं चालू असतं. तेरा वर्षांचं, घरापासून लांब, एकटं पडलेलं मूल त्या गाण्याला पाघळू शकतं. मी चाळीशीची असून दोनदा पाघळता पाघळता राहिले.

नियमबोट

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण इथे भारत-अमेरिका अशी सरमिसळ होणारच.

भारतात राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. अमेरिकेत पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, खाजगी शाळेचे नाही. तिथे चॅपल सक्तीचं करायला पूर्ण मुभा आहे, तुम्ही सही करून मुलाला घालता म्हणजे तुमची संमती. त्यामुळे "सक्ती बेकायदा आहे" म्हणून भांडायला जाऊ नका.

गंमत अशी की सरकारने धर्मात नाक खुपसू नये हा विचार अमेरिकेत रुजवण्यात बाप्टिस्टांचाच मोठा हात. व्हर्जिनियात तेव्हा चर्च ऑफ इंग्लंड हे सरकारी चर्च होतं. परवाना न घेता प्रवचन दिलं म्हणून १७६८ पासून बाप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकत. काहींनी गजांआडूनही प्रवचनं दिली. पुढे १७८६ मध्ये व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, त्यामागे या छळाची आठवण होती. राष्ट्राध्यक्ष जेफर्सनने चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीबद्दल १८०२ मध्ये जे पत्र लिहिलं तेही कनेटिकटच्या डॅनबरी गावच्या बाप्टिस्टांनाच.

जेम्सकाठची

बापरे, किती माहिती! पण मग मला आणखीच कोडं पडलं. ज्यांचे आजे-पणजे "श्रद्धेची सक्ती नको" म्हणून तुरुंगात गेले, त्यांच्याच शाळेत चॅपल सक्तीचं?

रविवारची_घंटा

बरोबर पकडलंत. माझ्या पाळकांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "बसायची सक्ती आहे, मानायची नाही." पटलं का विचाराल तर अर्धं.

जाडभिंग

सगळे धर्मस्वातंत्र्याच्या आरत्या ओवाळताहेत म्हणून जरा दिवा पुसतो.

फोर्क युनियन १८९८ मध्ये सुरू झाली. विल्यम हॅचर नावाचे रिचमंडचे बाप्टिस्ट पाद्री, त्यांनी गावातल्या मुलांना शिकता यावं म्हणून काढली. पहिल्या वर्गात १९ जण होते आणि (हे बहुतेकांना माहीत नसतं) त्यांत मुलीही होत्या. लष्करी बाज आला १९०२ मध्ये, मुलांना वळण आणि व्यायाम हवा म्हणून. १९१३ मध्ये मुली गेल्या, नावात 'मिलिटरी' आलं आणि व्हर्जिनियाच्या बाप्टिस्ट महासंघाचा आधारही मिळाला. म्हणजे 'फक्त मुलांची मिलिटरी शाळा' ही सुरुवात नव्हती, पंधरा वर्षांत घडत गेलेली गोष्ट आहे.

आणि 'गावातली मुलं' म्हणजे गोरी मुलं. दक्षिणेतले बाप्टिस्ट १८४५ मध्ये उत्तरेपासून फुटून निघाले ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही या वादावर. शाळा निघाली तेव्हा वर्णभेदाचे कायदे भरात होते. आता योगायोग बघा. याच फ्लुव्हाना कौंटीत १८१२ मध्ये जॉन जॅस्पर नावाचा माणूस गुलाम म्हणून जन्मला. सुटका झाल्यावर त्याने रिचमंडमध्ये बाप्टिस्ट चर्च उभं केलं आणि "सूर्य फिरतो" या एका प्रवचनाने गोऱ्या-काळ्या सगळ्यांना वेड लावलं. त्याचं चरित्र कुणी लिहिलं? याच हॅचरसाहेबांनी, १९०८ मध्ये. मनापासून कौतुक करून लिहिलंय. पण जॅस्परच्या नातवंडांना हॅचरसाहेबांच्या शाळेचं दार उघडं नव्हतं.

म्हणून शाळा वाईट असं म्हणत नाही. आज सगळ्या रंगांची मुलं तिथे शिकतात. पण 'ध्येय' हा शब्द माहितीपत्रकात वाचताना तो कुणासाठी लिहिला होता हेही वाचावं.

मोडी_वाचक

रोचक! जॅस्परबद्दल काहीच माहीत नव्हतं. वेगळा धागा काढा.

सह्यकडा

धर्म आणि कवायत यांची मिसळ आपल्याला काय नवीन आहे? नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल घ्या. हिंदू महासभेचे डॉ. मुंजे १९३१ मध्ये इटलीला गेले, मुसोलिनीला भेटले, तिथल्या तरुणांच्या संघटना पाहिल्या आणि १९३७ मध्ये नाशकात शाळा उभी राहिली. हेतू धार्मिक म्हणा, राष्ट्रीय म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. माझे काका तिथे होते. त्यांना विचारलं तर घोड्यांबद्दलच बोलतात. विचारसरणीचं एक अक्षर आठवत नाही, पण घोडीचं नाव आठवतं.

पेन्शनर_काका

मुंजे आणि मुसोलिनी यांना एका वाक्यात बसवून तुम्हाला जे सुचवायचं आहे ते उघड सुचवा की.

सह्यकडा

भेट झाली ही नोंद आहे, सुचवणं तुमच्या मनात आहे.

संपादक मंडळ

धागा मुलाच्या शाळेबद्दल आहे. या विषयावरचे पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत. कृपया फोर्क युनियनच्या आसपास राहा.

कडीपत्ता

घोडीचं नाव तरी सांगा हो.

सह्यकडा

बिजली.

गुळपोळी

आता माझा प्रत्यक्ष अनुभव. थोडं मोठं लिहिते. आमचा थोरला अशाच एका शाळेत दोन वर्षं होता. वर आलेल्या दोन्हींपैकी नाही, त्यामुळे तपशील इकडेतिकडे होतील.

पहिला महिना फार वाईट. नवीन मुलांना फोन जवळजवळ मिळतच नाही. मला एक पत्र आलं, कागदावरचं, हाताने लिहिलेलं. त्याने आयुष्यात लिहिलेलं पहिलं पत्र. "आई, मला घेऊन जा" एवढंच होतं आणि खाली पूर्ण नाव, आडनावासकट, जणू मी ओळखणार नाही. ते पत्र घेऊन मी गॅरेजमध्ये गाडीत बसून रडले. ह्यांना दाखवलं नाही, नाहीतर हे रात्रीच निघाले असते.

तिसऱ्या महिन्यात फोनवर त्याचा आवाज बदलला. तक्रार कमी आणि बातम्या जास्त. संध्याकाळी सगळ्यांना खोलीत बसून अभ्यास करावा लागतो, दार उघडं ठेवून, आणि मोठी माणसं फेऱ्या मारतात. काही चुकलं की डिमेरिट, म्हणजे वाईट शेरा. डिमेरिट साठले की सुट्टीच्या दिवशी मैदानाला फेऱ्या, रायफल खांद्यावर घेऊन. त्याचे दोन शनिवार त्यात गेले, कारण उशीखाली चकली ठेवली आणि मुंग्या झाल्या. चकली मीच पाठवली होती.

तुम्ही मार्गदर्शनाचं थेट विचारलं नाहीत, पण खरं महत्त्व त्याचंच. प्रत्येक तुकडीला एक टॅक ऑफिसर असतो, बहुतेक निवृत्त फौजी. मुळात हा लष्करी शब्द, पण अशा शाळांत TAC या अक्षरांची फोड 'टीच, अ‍ॅडव्हाइज, काउन्सेल', म्हणजे शिकवा, सल्ला द्या, समुपदेशन करा, अशी करतात. आधी वाटलं ही जाहिरातबाजी. पण आमच्या पोराचे आजोबा गेले तेव्हा त्याला बातमी सांगायला तो माणूस रात्री त्याच्या खोलीत गेला आणि काही न बोलता दोन तास बाजूच्या कॉटवर बसून राहिला. चॅपलन, म्हणजे शाळेचे पाद्री, तेही आले. त्यांनी विचारलं, "तुमच्यात अशा वेळी काय करतात?" पोराला काहीच माहीत नव्हतं. त्याने मला फोन लावून विचारलं, "आई, आपल्यात काय करतात?" त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. चॅपलची भीती घालत बसले आणि आमचं काय ते कधी सांगितलंच नव्हतं.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी असाल तर पीनट बटरशी सोयरीक करा.

अळूची_वडी

चकली उशीखाली! किती गोड. कुठल्या भाजणीची?

गुळपोळी

सासूबाईंच्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

फौजी७९

तो टॅक ऑफिसर नशिबाने मिळतो. सगळे तसे नसतात. पण तसा एक मिळाला तर पोराचं सोनं.

तिसरा_डबा

फोर्क युनियनबद्दल एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिथे वरच्या वर्गांत १९५० पासून 'एका वेळी एकच विषय' अशी पद्धत आहे. म्हणजे साधारण सात आठवडे फक्त गणित, सकाळपासून तेच. मग सात आठवडे फक्त इतिहास. वर्षात असे पाच विषय. बाकी मिलिटरी, चॅपल सगळं इतरत्रही मिळेल, हे मिळणार नाही.

ज्या मुलाचा गृहपाठ दप्तरात राहतो त्याच्यासाठी हा उपाय बरा वाटतो. सहा विषयांचे सहा शिक्षक असले की पाचांना चुकवता येतं. दिवसभर एकच शिक्षक समोर असेल तर लपणार कुठे? उलट बाजू अशी की गणित ऑक्टोबरात संपलं आणि पुढचं गणित थेट पुढच्या वर्षी, तर मधल्या काळात विसरत नसतील का? मी शिक्षक आहे, मला हा प्रश्न सुटलेला नाही.

अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी या शाळेचं नाव ऐकलेलं असतं. विनी टेस्टाव्हर्डी (१९८६) आणि एडी जॉर्ज (१९९५) हे दोघे हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यांत मानाचा पुरस्कार) विजेते तिथलेच. शाळा संपल्यावर वर्षभर थांबून खेळ आणि मार्क सुधारायला येणारी मुलं बरीच असतात.

कडीपत्ता

सात आठवडे फक्त गणित. आणि लोक म्हणतात नरक नसतो. हीच ती बाप्टिस्ट शिकवण असणार.

रविवारची_घंटा

(हसून पुरेवाट)

जिन्याखालचा

मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं 'अवर फादर' म्हटलं. अथर्वशीर्षही पाठ आहे. दोन्हींचा अर्थ विचारू नका. मुलं अशा गोष्टी अंगावरून पाण्यासारख्या सोडून देतात, काळजी आईबाप करतात.

रविवारची_घंटा

जिन्याखालचे दादा, हे मला जरा टोचतं. अंगावरून जाईल म्हणून काळजी नको, हे मुलाच्या बाजूने ठीक. पण समोर जो माणूस मनापासून प्रार्थना सांगतोय त्याचं काय? आमची गोष्ट इतकी पातळ आहे का की दहा वर्षं ऐकूनही कुणाला अर्थ विचारावासा वाटू नये?

जिन्याखालचा

मुद्दा मान्य, ताई. हलक्यात घेतलं. अथर्वशीर्षाबद्दलही माझ्या आजीने हेच म्हटलं असतं.

निमूट

पूर्ण धागा वाचला. आईचं मत कळलं, वडिलांचं, आजीचं, ऑफिसातल्या गृहस्थांचं, कॅरीसाहेबांचं, जेफर्सनचं आणि बिजलीचंही कळलं.

मुलाला विचारलंत का?

जेम्सकाठची

...नाही.

म्हणजे "तुला बोर्डिंगला घालेन" असं रागाच्या भरात दोन-चारदा म्हणून झालंय. त्याला विचारणं म्हणत नाहीत, कळतंय मला.

फौजी७९

इथेच अडतं सगळं. धमकी म्हणून पाठवलेली पोरं आणि स्वतः आलेली पोरं पहिल्या दिवशी रांगेत उभी केली तरी ओळखू येतात. आमच्या बॅचला पळून गेलेले तिघंही पहिल्या प्रकारातले. बरं, अशा शाळा स्वतःच सांगतात की आम्ही सुधारगृह नाही. तुम्ही घरी तसंच वापरलंत तर पोराच्या डोक्यात ते तुरुंगच राहणार.

रविवारची_घंटा

निमूट यांनी दोन शब्दांत आमचं अख्खं प्रवचन सांगितलं. तान्ह्याच्या वतीने आईबापांनी "हो" म्हणायचं नाही, म्हणून तर इतकी भांडणं झाली.

पेन्शनर_काका

तेरा वर्षांच्या पोराला काय कळतं? आम्हाला कुणी विचारलं होतं का?

कडीपत्ता

काका, म्हणूनच तर आपण दोघं दिवसभर इथे पडीक असतो.

जेम्सकाठची

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. माफ करा, मोठं लिहिते.

मुलाला विचारलं. आधी म्हणाला "नो". मग रात्री खोलीतून येऊन म्हणाला, "बघून येऊ." मग आम्ही एका शाळेत जाऊन आलो. कुठली ते लिहीत नाही, त्याचाच निर्णय आहे आणि तो इथलं वाचतो असं परवा कळलं (अर्धंच कळतं म्हणाला, पण बिजली आवडली).

फौजींचा प्रश्न मी विचारला: दिवे मालवल्यावर मजल्यावर कोण असतं? दाखवायला आलेल्या बाई जरा चपापल्या, मग जिन्याशेजारची एक खोली दाखवली. बाहेर एक वयस्कर गृहस्थ चपला घालून उभे होते. फौजी गणवेशाच्या शाळेत चपला! मला उगीच बरं वाटलं.

चॅपलनना विचारलं, "आमचं घर हिंदू आहे, चालेल का?" ते म्हणाले, "इथे बसेल, ऐकेल, गप्पही बसू शकेल. बाप्तिस्मा हवा असं तो म्हणाला तर मी पहिला फोन तुम्हाला लावीन." मग मुलाकडे वळून म्हणाले, "आणि नको असं म्हणालास तर फोन करायची गरजच नाही." मुलगा हसला. एका अनोळखी मोठ्या माणसाच्या विनोदावर तो कित्येक महिन्यांत हसला नव्हता.

उपासनेलाही बसलो. संथ गाणं होतं, ताई. मी पाघळले नाही, पण ह्यांनी चष्मा पुसला. बाहेर आल्यावर चिरंजीवांचा अभिप्राय: "बोअर आहे, पण सत्यनारायणाएवढं नाही." हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.

त्याने स्वतः मांडवली केली आहे. उन्हाळ्यात चार आठवड्यांचा वर्ग असतो, तो करून बघणार, मग पुढचं सांगणार. अट एकच: रागात "बोर्डिंग" हा शब्द मी पुन्हा काढायचा नाही. मान्य केलं.

उन्हाळी वर्गाचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचाय. त्याने एकट्याने बसून सगळा भरला. 'तुला इथे का यायचंय' या प्रश्नाला चार ओळी लिहिल्यात, मला वाचू दिल्या नाहीत.

निमूट

छान.

गुळपोळी

चकली पाठवू नका. बाकी सगळं ठीक होईल.

कडीपत्ता

अर्ज कुठे आहे सध्या?

जेम्सकाठची

दप्तरात.